ॲम्ब्युलन्सवाल्यांचा सत्कार करायचाय? मग नावं कॅज्युअल्टीच्या दारात विचारा

आधी प्रश्न काय आहे ते सांगते. नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका गणेश मंडळाचं यंदा 25वं वर्ष आहे. डीजे कॅन्सल करून त्या पैशात इमर्जन्सीत काम करणाऱ्या 5-6 लोकांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलंय, म्हणजे 108 या सरकारी ॲम्ब्युलन्सवरचे, हॉस्पिटलचे कॅज्युअल्टीवाले (तातडीच्या विभागातले) वगैरे. बजेट 40 हजार. मंडळाच्या एका भाऊंनी विचारलं की माणसं निवडायची कशी, "समाजसेवा" कशी मोजायची, आणि शाल-श्रीफळ सोडून काय देता येईल.

डीजे कॅन्सल केला याबद्दलच पहिले तुमचा सत्कार करावासा वाटतो, पण असो.

मी बीएएमएस, 9 वर्षं 108 वर डॉक्टर होते, आता एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे आणि रविवारी वस्त्यांमध्ये सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबायची ती पद्धत) शिकवते. माझा स्वतःचा दोनदा सत्कार झालाय आणि निवड समितीत चार-पाचदा बसले, त्यामुळे या विषयातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसले आहे. त्यातली सगळ्यात मोठी आधी सांगते.

पहिल्यांदा समितीत होतो तेव्हा आम्ही सगळीकडे मेसेज टाकला की थरारक प्रसंग पाठवा. आले की बाप्पा, ढिगाने आले, व्हिडिओसकट. त्यात एक व्हिडिओ असा होता की ॲक्सिडेंटमधल्या माणसाला आमच्याच लाईनमधला एक पोट्टा दोन्ही हातांवर उचलून पळत येऊन राहिला, मागून लोक ओरडून राहिले, पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येईल असा. त्यालाच आम्ही पहिला नंबर दिला, फुल टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर कॅज्युअल्टीतल्या एक जुन्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मॅडम, मानेला कॉलर कुठे होती त्या पेशंटच्या? मी गप्प. खरंच नव्हती. स्पाइन बोर्ड, म्हणजे मान-पाठ न हलवता पेशंट उचलायची फळी, गाडीत होता, दहा पावलांवर. मान मोडलेली असती तर त्या दहा पावलात तो माणूस जन्मभरासाठी अंथरुणाला खिळला असता. त्या पोट्ट्याला मी दोष देत नाही, गर्दी अंगावर आली की हात-पाय आधी पळतात आणि डोकं मागून येते. दोष आमचा, आम्ही पिक्चर पाहून बक्षीस दिलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की आमच्या धंद्यातलं चांगलं काम बाहेरून पाहणाऱ्याला बोअरिंग दिसते. जिथे धावपळ, आरडाओरडा, "हटो हटो" जास्त, तिथे बहुतेक वेळा काहीतरी आधीच चुकलेलं असते.

ॲम्ब्युलन्सवर निळा सहा टोकांचा तारा असतो ना, मधात काठीला गुंडाळलेला साप, तो डिझाईन म्हणून काढलेला नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत ते चिन्ह आलं आणि त्याच्या सहा टोकांना सहा कामं आहेत: प्रसंग ओळखणं, कळवणं, तिथे पोचणं, जागेवर उपचार, प्रवासात उपचार, आणि हॉस्पिटलच्या हवाली करणं. आता बघा, लोकांना दिसते फक्त तिसरं आणि थोडंसं चौथं. फोन उचलणारी मुलगी दिसत नाही, तासभर गाडीत मागे बसून जे चालते ते दिसत नाही, आणि हॉस्पिटलच्या दारात पेशंट सोपवताना दोन मिनिटांत डॉक्टरला काय काय सांगितलं ते तर नातेवाईकांनाही कळत नाही. मी म्हणते निवड त्याच न दिसणाऱ्या टोकांवरून करा.

दोन गोष्टी जवळून सांगते म्हणजे मी काय म्हणून राहिले ते कळेल.

एक पायलट होता माझ्यासोबत. (108 वर ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि त्यांना ड्रायव्हर म्हटलेलं आवडत नाही, ते निवेदकाला आधीच सांगून ठेवा.) सकाळी 8 ला शिफ्ट बदलायची, बाकीचे पायलट डिझेल-टायर पाहून मोकळे व्हायचे. हा मात्र मागचं दार उघडून आत चढायचा. ऑक्सिजनचा काटा पाहायचा, मग नुसतं काट्यावर विश्वास न ठेवता व्हॉल्व्ह उघडून फ्लो येतो का ते गालाजवळ धरून बघायचा. सक्शन (घशातलं खेचून काढायचं मशीन) चालू करून पाण्याच्या ग्लासात नळी बुडवायचा. डिलिव्हरी किटमध्ये कॉर्ड क्लॅम्प (बाळाच्या नाळेला लावायचे चिमटे) दोन आहेत की एकच ते मोजायचा, कारण नाळेला दोन लागतात आणि एकदा एकच निघाला होता. आणि सिलेंडरची चावी, ती एवढीशी लोखंडी चावी जी नेमकी पाहिजे तेव्हाच हरवते, ती त्याने कोराडीच्या देवीच्या लाल धाग्याने सिलेंडरच्या गळ्यातच बांधून टाकली होती. मी एकदा हसले. म्हणाला, मॅडम, रात्री दोन वाजता तुम्ही चावी कुठे शोधाल? हे सगळं त्याचं कामच नव्हतं, कागदावर ते माझं काम होतं. 9 वर्षांत त्याचा कोणी सत्कार केला नाही, आणि करणार तरी काय म्हणून, "यांनी चावीला धागा बांधला" म्हणून?

मी म्हणते, हो, त्याच्यासाठीच करा.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. उमरेडच्या बाजूचा कॉल, रात्री अडीच-तीनचा, जमिनीवर झोपलेली बाई, 30-32 वर्षांची. पोट दुखते म्हणे आणि डोळे उघडत नाहीत. चावल्याची खूण नाही, सूज नाही, घरच्यांना वाटलं अ‍ॅसिडिटी, मग वाटलं बाहेरचं काही. मण्यार, तो विषारी साप, अशीच चावते, रात्री, झोपेत, दुखत पण नाही धड, आणि मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच काम करत नाहीत. माणूस आतून जागा असतो बरं का, ऐकून राहिला असतो, फक्त काही हलवू शकत नाही. आम्ही गाडीत घेतली तेव्हा श्वास एकदम उथळ, दहा मिनिटांत बंद. मग अ‍ॅम्बू बॅग. हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी ती. दर 5-6 सेकंदाला एक दाब, जास्त नाही, कमी नाही, उमरेडपासून मेडिकलपर्यंत, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलपर्यंत. ते अंतर 45-50 किलोमीटर आहे आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायला एक हात, बॅग दाबायला दुसरा, पंधरा मिनिटांत अंगठा वळायला लागतो. तिचा भाऊ सोबत होता, त्याला मी मधात बसवला, मास्क मी दोन हातांनी धरला आणि बॅग त्याला दाबायला दिली. पुढून पायलट मोठ्याने मोजून राहिला, एक... दोन... तीन... चार... पाच... दाब, एक... दोन... आणि गाडी पन्नासच्या वर नेली नाही त्याने. मागून नातेवाइकांची बाईक हॉर्न मारून राहिली होती की जोरात घे म्हणून. पण प्रत्येक खड्ड्याला मास्क सुटते, आणि मास्क सुटलं की श्वास गेला. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आरशातून माझे हात पाहून समजला तो.

ती बाई काही दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि मग चालत घरी गेली. मण्यारीचं असंच आहे, श्वास टिकवला तर माणूस बहुतेकदा पूर्ण परत येतो. आता त्या पायलटचं काम व्हिडिओत कसं दिसलं असतं? एक माणूस सावकाश गाडी चालवून राहिला आणि आकडे मोजून राहिला. बस.

तर आता तुमच्या प्रश्नावर. नावं कोणाला विचारायची?

साहेबांना विचारू नका, म्हणजे परवानगीसाठी विचारा, नावासाठी नको. वरून नाव मागितलं की जो रिपोर्ट वेळेवर पाठवतो त्याचंच नाव येते, त्यात वाईट काही नाही पण ते वेगळं बक्षीस झालं. त्यापेक्षा पेशंट ज्यांच्या हातात येतो त्यांना विचारा. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत आणि ट्रॉमात, मेयोत (हेही सरकारी हॉस्पिटल), डागा या सरकारी बायांच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी, जमलं तर मिहानच्या एम्समध्ये. तिथल्या सिस्टर इन्चार्ज, स्ट्रेचर ओढणारे अटेंडंट, गेटवरचा गार्ड. ग्रामीणचं पाहिजे असेल तर आशाताई आणि पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) नर्स. चौकातले ट्रॅफिक हवालदार, त्यांना तर कोणता पायलट उगाच सायरन वाजवत चहा प्यायला जातो तेही माहीत असते. आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: "उद्या तुमच्या घरी कोणाला काही झालं तर कोणती टीम यावी असं वाटते?" एवढाच. वेगवेगळं विचारा, चारचौघांत विचारलं तर सगळे मान हलवतात. मी हा प्रश्न बारा-पंधरा लोकांना विचारला होता एकदा, तीन नावं पुन्हा पुन्हा आली, आणि त्यातलं एक नाव आमच्या समितीतल्या कोणीच ऐकलं नव्हतं.

का चांगली वाटते ते पण विचारा. सिस्टर लोकं अशी उत्तरं देतात की तुम्हाला मानपत्र लिहायला मसाला मिळतो. "तो आला की पेशंटचा बीपी किती वाजता किती होता ते लिहून आणतो." "ती मॅडम पेशंट सोडून पळत नाही, आम्ही बेडवर घेईपर्यंत थांबते." "तो दारू पिऊन पडलेल्या माणसालाही काका म्हणते." हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटते. सीताबर्डीच्या फुटपाथवरून उचललेल्या, अंगाला वास येणाऱ्या, ज्याच्यामागे कोणी नाही अशा पेशंटशी माणूस कसा बोलतो, तिथे कळते. नगरसेवकाच्या आईला तर सगळेच आई म्हणतात.

"किती जीव वाचवले" हे विचारू नका प्लीज. आम्हालाच माहीत नसते. आम्ही पेशंट दारात सोडतो आणि पुढचा कॉल येतो, तो जगला की नाही ते आठ दिवसांनी कोणीतरी सांगितलं तर सांगितलं. आणि हृदय बंद पडलेल्यांमध्ये सगळं बरोबर करूनही बहुतेक परत येत नाहीत, मग ज्याच्या वाट्याला असे जास्त आले तो कमी चांगला का? तसंच किती मिनिटांत पोचले याची तुलना पण करू नका. धरमपेठेत उभी असलेली गाडी आणि पारशिवनीच्या जंगलाकडची गाडी, दोघींची घड्याळं वेगळी आहेत. राज्यात 108 सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या सगळ्या महाराष्ट्रासाठी, त्यात व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या मोठ्या 233, बाकी 704 साध्या. एवढ्या मोठ्या राज्यात ते वाटून बघा म्हणजे कळेल की वीस मिनिटं लागली तर त्यात पायलटचा हात कितीक असेल.

आणि हो, जोडीचा सत्कार करा. डॉक्टरला स्टेजवर आणि पायलटला खाली उभा, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी स्पष्ट सांगते, दोघं येतील नाहीतर कोणी येणार नाही. 6 जणांचं बजेट आहे तर तीन जोड्या करा. एक जोडी 108 ची. एक हॉस्पिटलची, म्हणजे कॅज्युअल्टीची सिस्टर आणि स्ट्रेचरवाला अटेंडंट. तिसरी जागा मी म्हणेन 102 ला द्या, गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना ने-आण करणारी फुकट गाडी, त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. त्या गाडीच्या पायलटसोबत एखादी आशाताई. फोन उचलणारे पुण्याच्या कंट्रोल रूममध्ये बसतात, ते काही मानेवाड्याला येणार नाहीत, पण त्यांच्या नावाने एक पत्र पाठवा, त्यांना तर शिव्याच जास्त मिळतात दिवसभर.

प्रायव्हेट ॲम्ब्युलन्सवाल्यांबद्दल विचारलं नाही तुम्ही, पण नाव येईलच. त्यात खूप चांगली पोरं आहेत, कोविडमध्ये 2021 च्या एप्रिलात नागपूरची जी हालत होती तेव्हा काहींनी जे केलं ते मी डोळ्याने पाहिलं आहे, घरचे हात लावत नव्हते तेव्हा यांनी लावला. पण काही ठिकाणी अमुक हॉस्पिटलला पेशंट नेला की कट मिळते हेही तेवढंच खरं आहे. म्हणून तिथे एक प्रश्न वाढवा: गरिबाला सरकारीत नेतो का, आणि नेताना रेट काय लावतो. गार्डला विचारा, तो सांगेल.

आता समाजसेवेचं. इथे लोक गडबड करतात. ड्युटीवर केलेलं काम ती सेवा आहेच, पण तुम्ही "समाजकार्य" असं वेगळं लिहिणार असाल तर सुट्टीच्या दिवशी माणूस काय करतो ते बघा. आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. संक्रांतीत नायलॉन मांजाने गळे कापतात, दरवर्षी, बंदी असून. माझ्या ओळखीत एक अटेंडंट आहे, तो जानेवारी लागला की स्वतःच्या पैशाने तार घेऊन येतो आणि चौकात उभा राहून टू-व्हीलरच्या हँडलला कमानीसारखी बांधून देतो, फुकट. त्याने एक गळा बघितला होता, एका पोराचा, बोटांनी दाबून मेडिकलपर्यंत नेलेला, त्यानंतर सुरू केलं त्याने. दीक्षाभूमीला अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, ड्युटी नसताना सुट्टी टाकून तिथल्या दवाखान्याच्या मांडवात दोन-तीन दिवस बसणाऱ्या सिस्टर मला माहीत आहेत, पायाचे फोड धुतात, शुगर पाहतात, हरवलेल्या आजीला पाणी पाजतात. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे, मग त्या पोरांसाठी रक्तदात्यांची यादी फोनमध्ये बाळगणारा एक लॅबवाला आहे, रात्री 1 वाजता पण फोन उचलतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की बांधकामावरच्या मजुरांना उन्हात काय करायचं ते समजावत फिरणारा एक पायलट होता. उष्माघातात माणूस बरळायला लागला की ती थट्टा नसते, अंग 40 डिग्रीच्या वर गेलेलं असते, आधी ओलं करा, हवा घाला, मग फोन लावा, नाहीतर फोन लावता लावताच गार करा. हे तो हिंदीत, छत्तीसगडीत, जसं जमेल तसं सांगायचा.

मोठ्या पातळीवर पण असेच लोक निवडले गेलेत. 2017 च्या पद्मश्रीत करीमुल हक होते, बंगालच्या जलपायगुडीकडचे चहाच्या मळ्यातले कामगार. ॲम्ब्युलन्स मिळाली नाही म्हणून आई गेली, तेव्हापासून स्वतःच्या बाईकवर लोकांना दवाखान्यात नेऊन राहिले. त्याच वर्षी बडोद्याचे डॉ. सुब्रतो दास पण होते, हायवेवर ॲक्सिडेंट झाला की मदत पोचवायची यंत्रणा त्यांनी उभी केली. दोघांचं काम अगदी वेगळं, एक बाईक आणि एक यंत्रणा, पण दोन्ही "दिसलं ते केलं, आणि करतच राहिले" अशातलं. तुमच्या यादीतही एकदा केलेल्यापेक्षा करत राहणारा बघा.

सामान्य माणसालाही एक जागा ठेवायची इच्छा असेल तर ठेवा, एखादा पानठेलेवाला, ऑटोवाला, ज्याने ॲक्सिडेंटवाल्याला उचलून नेलं. बऱ्याच लोकांना अजून वाटते की पोलिसांच्या भानगडीत पडू. तसं नाही आता. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. केंद्र सरकारची बक्षीस योजना पण आहे, 2021 मध्ये 5 हजारांची सुरू झाली, आता राहवीर नावाने 25 हजार झाली आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेलं तर मिळते. तुमच्या भागात असा कोणी असेल तर त्याचं प्रकरण पुढे पाठवायला मदत करा, तुमच्या शालीपेक्षा ते त्याला जास्त कामाचं.

आता द्यायचं काय.

शाल नको. माझ्याकडे चार आहेत, नागपुरात शाल घालायला किती दिवस मिळतात सांगा. ट्रॉफी नको, दोन खोल्यांच्या घरात ठेवायला जागा नसते, आणि पायलटच्या बायकोला ती पुसत बसावी लागते. कामाचं द्या. न घसरणारे चांगले बूट, साइज आधी विचारून (हॉस्पिटलच्या ओल्या फरशीवर आणि पावसात चिखलात तेच बूट लागतात). डोक्याला लावायचा चांगला टॉर्च, रात्री शेतात पेशंट शोधताना एक हात मोकळा राहते. कपडे कापायची जाड कात्री. चांगल्या प्रतीचा रेनकोट. पोरांच्या शाळेचं काही असेल तर ते. 40 हजारात 6 जणांना 5-5 हजाराचं देऊनही 10 उरतात, ते नाश्त्याला ठेवा.

रोख रक्कम देणार असाल तर थांबा. मेडिकल-मेयोचे लोक सरकारी नोकर आहेत, त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 लागू होतात आणि त्यात भेटवस्तू घेण्यावर आणि जाहीर सत्कार स्वीकारण्यावर बंधनं आहेत. आधी त्यांच्या ऑफिसला साधं पत्र द्या, परवानगी घ्या, नाहीतर तुम्ही प्रेमाने द्याल आणि सिस्टरला खुलासा लिहावा लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे कागद. मानपत्र म्हणत नाही मी, पत्र. "आपण रुग्णसेवेचे महान कार्य करून समाजापुढे आदर्श ठेवला आहे" असं छापून आणाल तर ते कोणाच्याही नावाने चालते, नाव खोडून पुढच्या वर्षी पण चालेल. असं लिहा: "दर शिफ्टला गाडी ताब्यात घेताना आपण ऑक्सिजन स्वतः तपासता, आणि कॅज्युअल्टीत पेशंट सोपवताना वेळेसकट सगळी माहिती लिहून देता, हे आम्हाला तिथल्या चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं." पेशंटचं नाव, गाव काही टाकू नका. त्याची एक कॉपी त्यांच्या ऑफिसला पाठवा. यातले बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर असतात, त्यांच्या फाईलला असा कागद लागला तर उपयोग होतो, आणि बूट झिजले तरी तो कागद राहते. माझ्या त्या चावीवाल्या पायलटला असं एक पत्र मी स्वतः लिहून दिलं होतं ट्रान्सफरच्या वेळी, त्याने लॅमिनेट करून ठेवलंय म्हणे.

कार्यक्रमाचं थोडं सांगते, कारण खरी वाट तिथेच लागते. एका ठिकाणी, नाव नको, आम्हाला संध्याकाळी 6 ला बोलावलं होतं, पाहुणे आले 9 ला. आम्ही तिघं नाईट करून आलो होतो, माझ्या शेजारचा पायलट खुर्चीवर बसल्या बसल्या झोपला आणि कोणीतरी त्याचा फोटो काढून हसून राहिले. म्हणून पाहुणा बोलवूच नका, किंवा बोलवला तर तो आला नाही तरी वेळेवर सुरू करा. मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीच्या हाताने द्या. वेळ सकाळची ठेवा, 8 ची शिफ्ट सुटली की 9 ला आरती, मग अर्ध्या तासात आटपा, आणि तर्री-पोहे. नाईटवाल्याला त्यावेळी तर्री-पोह्यापेक्षा मोठा सत्कार नाही. ड्युटीवर असलेल्या टीमला बिलकुल बोलावू नका, शोभेसाठी गाडी आणून उभी करू नका. तेवढ्या वेळात तुमच्याच मागच्या गल्लीत कोणाच्या छातीत दुखेल.

घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. यांच्या पोरांना बापाचं काम काय आहे ते माहीतच नसते, कारण घरी कोणी सांगत नाही.

आणि निवेदकाला एक गोष्ट अगदी कडक सांगून ठेवा. "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग सांगा" हा प्रश्न विचारायचा नाही. माझ्यासोबतच्या एका डॉक्टरला विचारला होता स्टेजवर. तो हसून राहिला होता, माईक हातात घेतला, आणि म्हणाला, "सहा वर्षांची होती." मग पुढे काही बोललाच नाही. लोकांना वाटलं माईक बंद पडला, कोणीतरी येऊन माईक ठोकून पाहिला. त्याने माईक खाली ठेवला आणि उतरून गेला. नंतर दीड-दोन महिने त्याने मला गाडीत मागे बसायला सांगितलं आणि स्वतः पुढे बसला. त्याऐवजी विचारा की गाडीत जेवण कधी आणि कुठे होते, तिथे सगळे खुलतात, कळमेश्वरच्या कोणत्या टपरीवर रात्री चहा मिळते हे सांगताना तर थांबतच नाहीत.

अमेरिकेत 1974 मध्ये ॲम्ब्युलन्सवाल्यांचा आठवडा पहिल्यांदा पाळला, आता तो मे महिन्यात असतो, तिकडे एक प्रथा मला फार आवडते, वाचलेल्या पेशंटला आणि त्याला नेणाऱ्या टीमला भेटवतात. ते इथे करता आलं तर सोनं. पण पेशंटला आणि टीमला, दोघांनाही आधी वेगवेगळं विचारून, कोणी नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि जमलं तर स्टेजवर नाही, मागे मंडळाच्या ऑफिसात चहावर भेटवा. त्या उमरेडकडच्या बाई आम्हाला पुढच्या वर्षी भेटायला आल्या होत्या, भिवापूरची मिरची घेऊन, पिशवी भरून. पायलटकडे बघून म्हणाल्या, तुमचा आवाज मला येऊन राहिला होता, एक दोन तीन चार पाच. तो बिचारा लाजून गाडीमागे जाऊन उभा राहिला.

शेवटी वेळ उरला तर त्याच टीमकडून पंधरा मिनिटं सीपीआर शिकून घ्या. तुमच्या ढोलवाल्या पोट्ट्याला मिनिटाला 110 चा ठेका धरायला सांगा, 100 ते 120 च्या मधात पाहिजे, आणि त्या ठेक्यावर मंडळाची पोरं बाहुल्यावर छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटीमीटर दाबतील. बाहुला मी आणते, गाडीखर्च पण नको, फक्त आठ दिवस आधी सांगा.

आणि एक, सत्काराशी संबंध नाही पण आहे पण. मांडव टाकताना रस्ता अर्धा घेणार ना तुम्ही, सगळेच घेतात. 108 ची मोठी गाडी आरशासकट निघेल आणि मागचं दार पूर्ण उघडून स्ट्रेचर खाली काढता येईल एवढी जागा सोडा, आणि तिथे कोणाची बाईक लागू देऊ नका. किती सोडायची ते टेपने मोजत बसू नका, ज्या पायलटचा सत्कार करणार आहात त्यालाच बांबू रोवायच्या आधी एकदा चहाला बोलवा, तो नुसता उभा राहून सांगेल.